दादांचा ओळंबा आणि आमचा डोंगर

दादांचा ओळंबा कुणी हाताळलेला त्यांना खपत नसे. थापी, करणी, गुण्या ही बाकीची हत्यारं अंगणात कुठंही पडलेली चालत, आई त्यांना ठेचकाळून दोन शब्द बोलली तरी दादा नुसते हसत. पण भिंत सरळ उभी आहे का ते टांगून बघायच्या या ओळंब्याची खुंटी वेगळी. पितळेचा, मुठीत मावेल एवढा, खाली नेमकं टोक काढलेला, आणि वरच्या भोकातून ओवलेली मेण लावलेली सुती दोरी. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की दादा आधी तो पुसायचे आणि मग ताटावर बसायचे. आई म्हणायची, एवढी निगा माझी राखली असती तर मी अजून नवरीसारखी दिसले असते. दादा म्हणायचे, तू कुठं सरळ लोंबतेस? यावर आई भाकरीचं पीठ हाताला असतानाच उठायची आणि आम्हां पोरींना हसू आवरायचं नाही.

माझे वडील गवंडी होते. शमुवेल मिस्त्री म्हटलं की घोडेगावपासून सोनईपर्यंत लोक ओळखायचे, कारण त्या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी त्यांनी बांधल्या होत्या. आमचं गाव घाट उतरल्यावर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. गावाच्या एका अंगाला आमची ख्रिस्ती वस्ती, पंचवीस-तीस घरं, आणि मधोमध पत्र्याचं देऊळ, म्हणजे आमचं चर्च. या देवळाला घंटेचा मनोरा बांधायचं मंडळीनं, म्हणजे देवळात जमणाऱ्या आम्हां सगळ्यांनी, ठरवलं आणि काम दादांकडे आलं. आयुष्यभर जमिनीच्या खाली बांधणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच आभाळाकडे बांधायला मिळालं होतं. काम मिळालं त्या दिवशी त्यांनी रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आईनं त्यावरूनच ओळखलं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, सिमेंट डोळ्यांना दिसत नव्हतं. म्हणून सगळं काम चुन्यात. देवळाच्या मागं चुना मळायची घाणी बसवली होती. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चरातून कुरकुरत जायचं, आणि त्याच्या जोडीला दिवसभर छिन्नीचा टकटकाट. अजूनही कुठं बांधकामावरून जाताना मला तो कुरकुरणारा आवाज ऐकू येईल असं वाटतं आणि येत नाही, हल्ली सगळं यंत्र गुरगुरतं. चुन्यात गुळाचं पाणी घालायचे, त्यामुळं चुना पक्का धरतो. त्या गुळातला खडा पळवणं हा वस्तीतल्या सगळ्या पोरांचा धंदा होता आणि दादा तिकडे पाठ करून उभे राहायचे. हंगामाच्या सणाला, जेव्हा सगळे धान्य घेऊन देवळात येतात, तेव्हा त्या वर्षी मंडळीनं नवी रीत काढली. प्रत्येक घरानं धान्याबरोबर एक घडीव दगड डोक्यावरून आणायचा, बसवण्याआधी घरातल्या सगळ्यांनी त्याला हात लावायचा, आणि मग तो दादांनी मनोऱ्यात बसवायचा. वरचे सहा थर असे घराघरांच्या दगडांचे झाले. आमचा दगड आईनं आणला होता आणि तो डोंगराच्या अंगाला, चौथ्या थरात बसला होता. नाताळाला घंटा वाजायची होती. घंटा आधीच येऊन देवळात पडली होती, गोणपाटात गुंडाळलेली, आणि उपासनेच्या वेळी लहान पोरं तिच्यावर बसायची.

मी तेव्हा नगरला बोर्डिंगात राहून हायस्कुलात शिकत होते. वस्तीतल्या मुलींत मीच एवढी पुढं गेलेले, आणि ते केवळ दादांच्या हट्टामुळं. आम्हांला सायन्सला भिंगारदिवे बाई होत्या. पुण्याहून शिकून आलेल्या, काडीसारख्या बारीक, आणि आवाज मात्र असा की शेजारच्या वर्गातल्या मुलीही त्यांचंच उत्तर लिहायच्या. पुस्तकात नसलेलं काही सांगायचं झालं की बाई आधी म्हणायच्या, हे परीक्षेत येणार नाही, तेव्हा निवांत ऐका. आणि खरोखर तेवढंच माझ्या लक्षात राहिलं आहे.

बोर्डिंगात आम्ही आडाचं पाणी वरच्या मजल्यावर नेऊन रांजण भरायचो. वर जायला दोन जिने. मागचा उभा, दगडी. पुढचा लांबलचक, सोपा. कुणी कोणत्या जिन्यानं जायचं यावर रोज भांडण. बाईंनी ते भांडण वर्गात आणलं. त्या म्हणाल्या, बादली एकच, खालची जमीन एक, वरचा मजला एक, तेव्हा पृथ्वीच्या विरुद्ध केलेलं काम दोन्ही जिन्यांनी सारखंच. पृथ्वी वाट विचारत नाही, उंची विचारते. प्रत्येक ठिकाणाला उंचीप्रमाणं आपलं एक मोल असतं, त्याला गुरुत्वाचं विभव म्हणायचं. उभ्या जिन्यावर ते पावलागणिक भराभर बदलतं, सोप्यावर सावकाश. तसंच अवकाशात जिथं विभव जवळजवळच्या ठिकाणी झपाट्यानं बदलतं तिथं ओढ जास्त, तिला क्षेत्राची तीव्रता म्हणायचं. आणि वरच्या ओसरीवरून तुम्ही बादली घेऊन इकडून तिकडं गेलात तर काम शून्य. यावर आम्ही कालवा केला, कारण हात तर तिथंही भरून यायचे. बाई हसून म्हणाल्या, हाताचं हातापाशी, पृथ्वीचं पृथ्वीपाशी. मग त्यांनी एक वाक्य लिहून दिलं की जिथं विभव सारखं अशा पातळीवरच साचलेलं पाणी पसरतं, आणि ओढ नेहमी त्या पातळीला काटकोनात असते. ते मी वहीत सुंदर अक्षरात लिहिलं आणि विसरले. लक्षात राहिली ती पुढची गोष्ट. विलायतेत कुणी विद्वानांनी एका डोंगराच्या दोन्ही बाजूंना ओळंबे टांगले, ते ताऱ्यांशी ताडून पाहिले, आणि ओळंबे डोंगराकडे किंचित झुकलेले निघाले. डोंगरही ओढतो. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढं एकच ओळंबा आला आणि एकच डोंगर.

दिवाळीच्या सुट्टीला घरी गेले तेव्हा ही बातमी माझ्या पोटात मावत नव्हती. पहिल्याच दिवशी आईनं हुलग्याचे शेंगोळे केले होते, लसूण घालून, आणि लुकामामा जेवायला होते. लुकामामा म्हणजे आईचे भाऊ, सुतार. मनोऱ्याभोवतीची वाशांची परांची त्यांनीच बांधली होती. माणूस मायाळू, पण त्यांच्या कानावर गेलेलं कुठं थांबायचं नाही. दादांनी मला विचारलं, नगरला काय नवं शिकलीस, की नुसतं इंग्रजी? मला तेच हवं होतं. मी शेंगोळ्याची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "दादा, तुमचा ओळंबा अगदी सरळ खाली जात न्हाई. डोंगर त्याला आपल्याकडं वढतो." दादांचा घास हातात राहिला. मामा मोठ्यांदा हसले. आई म्हणाली, गुमान जेव. मी विद्वानांची सगळी हकिकत सांगितली, मोठ्या ऐटीत सांगितली, आणि पाण्याचा तांब्या रिकामा करून झोपायला गेले. किती ओढतो हे मात्र मी सांगितलं नाही, कारण ते मी बाईंना विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा दौलतअण्णांच्या गुऱ्हाळावर गेले. दौलतअण्णा मंडळीतले वडीलधारे, ऊसवाले, शब्दाला वजन असलेले. गुऱ्हाळं नुकतीच लागली होती, उसाचा रस आटवायच्या मोठ्या काहिलीभोवती माणसं बसलेली, हातात गरम रस. तिथं मामांनी भाचीचं कौतुक म्हणून गोष्ट सांगितली. ती गुऱ्हाळावरून निघाली तेव्हा मनोरा डोंगराकडे झुकतो अशी झाली होती, दुपारी विहिरीवर पोहोचली तेव्हा तो पडणार अशी झाली, आणि संध्याकाळी घरी आली ती मिस्त्रीच्या पोरीनंच तसं वाचून दाखवलं अशी. गंमत म्हणजे एकदा ऐकल्यावर सगळ्यांना दिसायलाच लागलं. मागं डोंगराची तिरपी कड, पुढं उतरती जमीन. मधल्या मनोऱ्याला सरळ म्हणायला डोळ्याला आधारच नाही. खोटं कशाला बोलू, मी स्वतः अंगणात उभी राहून पाहिलं तर मलाही तो वाकडा दिसला.

रविवारी उपासना झाल्यावर मंडळी लिंबाखाली बसली. दौलतअण्णांनी फार गोड शब्दांत सांगितलं की मिस्त्रीच्या हाताबद्दल कुणाला शंका नाही, पण डोक्यावर घंटा टांगायची आहे, खाली लेकरं बसतात, तेव्हा वरचे सहा थर उतरवावेत आणि नगरचा कुणी गवंडी आणून पुन्हा बांधावेत. ज्यांनी डोक्यावरून दगड आणले होते त्या बाया मनोऱ्याकडे बघायला लागल्या. देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी कसंबसं पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं. तोवर काम बंद. दादा एवढंच म्हणाले की उतरवायचे तर उतरवा, माझा हात त्याला लागणार नाही.

घरी आल्यावर आईनं माझी पत्र्याची ट्रंक उचलली, त्यातली पुस्तकं काढून फळीवर ठेवली आणि ट्रंकेत बाजरी भरली. ज्या शिकण्यानं बापाचं बांधलेलं उतरवायची पाळी आली ते शिकणं आता पुरे, असं तिनं जाहीर केलं. मी कोपऱ्यात बसून रडत होते. दादा ओळंबा घेऊन उंबऱ्यावर बसले, तो पुसून झालेला असताना परत पुसत. मला वाटलं आता ते म्हणतील की उद्या सगळ्यांना सांग, मी चुकले. सांगितलंही असतं मी. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"खरं सांग. डोंगर वढतो का?"

"वढतो, दादा."

"किती?"

ते मला माहीत नव्हतं.

"मंग येवढं रडतीस कशापायी? किती ते काढायचं. काय लागतं त्याला?"

त्या क्षणी मला किती मोकळं वाटलं ते मी आज पंचाहत्तरी उलटल्यावरही सांगू शकत नाही. पुढं चौतीस वर्षं मी पोरींना फिजिक्स शिकवलं, पण एवढा चांगला प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी डोळे पुसले आणि म्हणाले की डोंगर केवढा आहे, किती वजनाचा आहे आणि मनोऱ्यापासून किती लांब आहे, हे लागेल. दादांनी ओळंबा खुंटीला टांगला. म्हणाले, सकाळी निघू.

पुढचे दोन दिवस आम्ही बापलेकीनं डोंगर मोजला. माझ्या तरुणपणातले एवढे सुखाचे दुसरे दोन दिवस मला आठवत नाहीत. डोंगराची उंची कशी मोजायची हे दादांनीच काढलं. पितळी ताटलीत पाणी घ्यायचं, ती डोळ्यांच्या पातळीला धरायची, पाण्याच्या दोन्ही कडांवरून समोर चढावर बघायचं, नजर जिथं टेकेल त्या दगडाला खूण करायची, मग तिथं जाऊन पुन्हा तसंच. जमिनीपासून दादांचा डोळा पाच फुटांवर, म्हणजे एक टप्पा पाच फुटांचा. ताटली दादा धरायचे, खूण करायला मी पुढं पळायचे. मला वाटलं होतं तीस-चाळीस टप्पे होतील, ते माथ्यापर्यंत अडुसष्ट भरले. घेर आम्ही दोरीनं मोजला. खालून गुराखी ओरडून विचारायचे, मिस्त्री, काय हरवलं? दादा ओरडून सांगायचे, डोंगर तोलायचाय, तराजू हाय का? गावात लगेच पसरलं की शमुवेलला मनोऱ्याचं मनाला लागलं, तो लेकीला घेऊन डोंगर तोलतोय. आई म्हणाली, झालं, एका वेड्याचे दोन झाले. तरी तिनं भाकरी-ठेचा बांधून दिला, आणि वर कांदा.

घरात चार शब्द बोलणारा हा माणूस डोंगरावर अखंड बोलायचा. विहिरीच्या तळाशी बसून आभाळ कसं दिसतं ते सांगितलं, तरुणपणी दोन विहिरी कशा ढासळल्या आणि तिथून पुढं ओळंबा कसा जिवापाड सांभाळला ते सांगितलं. सीताफळं पिकली होती, ती खाऊन बिया कोण लांब थुंकतं याची आम्ही पैज लावली आणि मी जिंकले. माथ्यावर बसून भाकरी खाताना खाली मनोरा दिसत होता, वरच्या थरांवर परांचीचे वासे, आणि खाली बैल सोडलेली मोकळी घाणी. दादा बराच वेळ तिकडं बघत बसले. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, वरून कधी बघितला नव्हता, चांगला दिसतो. मग त्यांनी मला सांगितलं की काळ्या दगडाचा एक घनफूट तुकडा दोन मणांच्या वर भरतो, लिहून घे, बाईंना लागेल.

बुधवारी मी नगरला गेले. आमच्या भागात तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणारी प्रवासी सर्व्हिस मोटार होती. सपाटीवर ती बरी पळायची, घाट लागला की धापा टाकायची आणि ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवायचा. वर गेल्यावर पुन्हा बसायचं. त्या दिवशी घाट चढताना मला हसू येत होतं, कारण माझं वजन वर न्यायचं काम मोटारीला झेपत नव्हतं आणि ते मला स्वतःच करावं लागत होतं.

बाई बोर्डिंगाच्या ओसरीवर गहू निवडत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आधी मला झापलं की अर्धं ज्ञान घेऊन जेवायला बसू नये, आणि मग पाटी घेतली. डोंगराचं घनफळ, दादांचे दोन मण, डोंगराच्या मध्यापासून मनोऱ्यापर्यंतचं अंतर. आकडे लांबत गेले, पाटी दोनदा पुसावी लागली. शेवटी त्या म्हणाल्या, पृथ्वीच्या ओढीचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या सुमारे एका भागाएवढा तुमचा डोंगर ओढतो. मनोऱ्याएवढ्या चाळीस फूट दोरीला ओळंबा किती सरकेल? बाईंनी माझ्या वेणीतला एक केस उपटला, मी कळवळले, आणि तो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, याच्या जाडीचे पाच-सहा भाग कर, त्यातल्या एका भागाएवढा. दादांना दाखव.

दादांनी केस उन्हात धरून पाहिला आणि एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पण लुकामामांचा चेहरा पडलेला होता. स्वतःच्या जिभेमुळं हे झालं म्हणून ते रोज येऊन आमच्या ओसरीवर बसायचे. ते म्हणाले की अण्णा ऐकायचे नाहीत, केसाएवढं वाकडं ते वाकडंच म्हणतील. आणि तसंच झालं. गुरुवारी दादा कागद घेऊन अण्णांकडे गेले, तर अण्णा म्हणाले, म्हणजे वाकडा आहे हे कबूल ना? दादा परत आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईनं फळीवरची माझी पुस्तकं कापडात बांधून आणखी वर, आढ्याच्या वाशाला अडकवली.

शनिवारी सकाळी दादा अंगणात तोंड धुवत होते. समोर पाण्यानं भरलेलं घंगाळ. चूळ भरून ते तसेच वाकून राहिले, मला वाटलं कंबर धरली. पाण्याकडे बघतच त्यांनी मला हाक मारली.

"रुथे, डोंगर ओळंब्याला वढतो. पान्याला वढत न्हाई का?"

वहीत सुंदर अक्षरात लिहून विसरलेलं वाक्य माझ्यापुढं उभं राहिलं. साचलेलं पाणी विभवाच्या पातळीवर पसरतं, ओढ तिला काटकोनात. डोंगराची केसभर ओढ ओळंब्याला लागली तर पाण्यालाही तेवढीच लागणार, पाणीही तेवढंच कलणार, आणि काटकोन मोडणार नाही. मी वाशावरची पुस्तकं सोडून वही आणली आणि दादांना ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, हे तुझ्या बाईला कुठल्या विहिरीत कळलं? आणि खांद्यावर उपरणं टाकून थेट दौलतअण्णांच्या गुऱ्हाळावर गेले, काहील मागायला. अण्णांना ती कशाला हवी ते कळलं नाही, पण ज्याचं काम बंद पाडलं त्याला काहील नाही म्हणायला त्यांनाही जड गेलं असावं.

रविवारी उपासनेतून सगळे बाहेर आले तेव्हा मनोऱ्याच्या पायाशी काहील मांडलेली होती, गुळाचा वास अजून जात नव्हता, आणि ती काठोकाठ पाण्यानं भरलेली. वर परांचीवर लुकामामा ओळंब्याची दोरी धरून. दादांनी स्वतः कधी कुणाला हात लावू न दिलेला ओळंबा त्या दिवशी मामांच्या हातात होता. ओळंबा खाली आला, पाण्यात बुडाला, आणि वाऱ्यानं हलणारी दोरी हळूहळू थांबली. पाणी स्थिर झालं. दादांनी दौलतअण्णांना काहिलीपाशी बोलावलं आणि पाण्यात बघायला सांगितलं. वरून आलेली दोरी आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब एका रेषेत होती, कुठं सांधा दिसत नव्हता. दादा म्हणाले, आता या बाजूनं बघा. तिकडूनही तसंच. दोरी पाण्याला जराही कललेली असती तर तिथं कोपरासारखा वाक दिसला असता, हे मी सगळ्यांना सांगितलं. मग दादांनी एक काडी घेतली आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक थराला भिंतीपासून दोरीचं अंतर दाखवत शिडी चढले. सहाही वरच्या थरांना काडी तेवढीच बसली. बाया आपापला दगड आला की मान उंच करून बघत होत्या.

अण्णा सहजासहजी सोडणारे नव्हते. ते म्हणाले, "पन तुजी पोरगीच म्हनली ना, डोंगर वढतो म्हनून?"

दादा शिडीवरूनच म्हणाले, "वढतो की. ओळंब्याला वढतो, पान्याला वढतो, भिताडाला वढतो, अन् अण्णा, तुमालाबी वढतो. समद्यांना सारखाच. मंग वाकडं म्हनायचं ते कशाला लावून बघायचं?"

अण्णांनी वाकून पाण्यात बघितलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि पाण्यात मनोऱ्याच्या शेजारी स्वतःचंही तोंड दिसल्यावर त्यांना हसू फुटलं. माणूस मोठा होता. सगळ्यांसमोर म्हणाले की मिस्त्री, काहील उद्या परत द्या, आणि घंटा चढवायला माझे बैल घेऊन जा. पोरं ओरडायला लागली. पाळकसाहेबांनी मंडळीची वही मागवली, लिंबाखाली बसले आणि लिहून वाचलं, मनोरा सरळ आहे, काम पुढं चालावं. वरून उतरलेल्या लुकामामांनी भीतभीत सुचवलं की डोंगर ओढतो ही अफवा निराधार होती असंही लिहावं, म्हणजे पोरीचं नाव परत निघणार नाही. पाळकसाहेबांनी टाक बुडवला.

दादा म्हणाले, "तसं न्हाई लिहायचं. माझी लेक खोटं बोलली न्हाई. डोंगर वढतो. केसापरीस कमी वढतो, पन वढतो. ते लिवा."

पाळकसाहेबांचा टाक वरच राहिला. देवळाच्या वहीत डोंगराचं काय लिहायचं, असा प्रश्न त्यांना पडला असणार. त्यांनी मंडळीकडे बघितलं. आधी दौलतअण्णांचा हात वर गेला, मग हसत हसत सगळ्यांचे. पाळकसाहेबांनी लिहिलं आणि वाचलं: डोंगर ओढतो, परंतु केसाहून कमी, हे मंडळीस मान्य आहे. दादांनी त्यांना पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायला लावलं, कारण आई मागं बायांत बसली होती आणि तिला ऐकू गेलं पाहिजे होतं. पाळकसाहेबांनी घसा खाकरून वाचलं.

आई मागूनच म्हणाली, "ऐकलं. आता हिला उद्या नगरच्या मोटारीला पोचवायचं कुनी, ते बी ठरवून टाका."